एकाच शनिवारी एकच पाठ

मुंबईच्या सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी तोराहचा जो भाग वाचला जातो, बहुतेक शनिवारी तोच न्यूयॉर्कमध्ये, पॅरिसमध्ये आणि ब्यूनोस आयर्समध्येही वाचला जातो. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद हे मोशेचे पाच ग्रंथ म्हणजे तोराह, आणि त्यांचे ५४ भाग पाडलेले आहेत. अशा एका भागाला पाराशा म्हणतात. सुक्कोथच्या सणाला लागून येणाऱ्या सिम्हात तोराहच्या दिवशी अनुवादाचा शेवट वाचतात आणि त्याच बैठकीत उत्पत्तीचा आरंभही करतात. या रीतीला इतकी शतके झाली आहेत की ती मोशेपासूनच चालत आली असावी असे सहज वाटते. प्रत्यक्षात तिला एक तुल्यबळ प्रतिस्पर्धी होती. पॅलेस्टाइनमधले यहुदी हेच पाच ग्रंथ तीन-साडेतीन वर्षांत वाचून पुरे करत, आणि ही संथ रीत बाराव्या शतकापर्यंत जिवंत होती. ती मागे का पडली आणि बाबिलोनची वर्षाची रीत का टिकली, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. माझ्या मते शिकवण्याच्या दृष्टीने हरलेलीच रीत सरस होती. जिंकलेल्या रीतीकडे दुसरा गुण होता. पांगलेल्या लोकांना तिने एक सामाईक तारीख दिली.

आरंभी आठवड्याचे वाचन नव्हतेच. अनुवादाच्या ३१व्या अध्यायातली आज्ञा आहे ती दर सात वर्षांनी, सुक्कोथच्या सणात, बायका, मुले आणि परके यांच्यासह साऱ्या लोकांना गोळा करून नियमशास्त्र ऐकवण्याची. बाबिलोनच्या बंदिवासातून परतल्यावर एज्राने यरुशलेमच्या पाणीवेशीसमोर पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन केले आणि लेव्यांनी लोकांना त्याचा अर्थ समजावून दिला, असे नहेम्याच्या पुस्तकात आहे. पण तोही एका मोठ्या प्रसंगाचा वृत्तान्त आहे, साप्ताहिक शिस्तीचा नव्हे. ती शिस्त स्पष्ट दिसते इसवी सनाच्या पहिल्या शतकात. मोशेने लोकांना नियम ऐकण्यासाठी दर आठवड्याला काम सोडून जमायला लावले, याचा इतिहासकार जोसेफसला अभिमान आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ख्रिस्ती ग्रंथात तर गावोगावच्या सभास्थानांत दर शब्बाथाला, म्हणजे शनिवारी, मोशे वाचला जातो, ही जुनीच गोष्ट म्हणून सांगितली आहे. यरुशलेमच्या उत्खननात १९१३-१४च्या सुमारास थिओडोटस नावाच्या सभास्थान-प्रमुखाचा ग्रीक शिलालेख सापडला. नियमशास्त्राचे वाचन आणि आज्ञांची शिकवण यांसाठी ही वास्तू बांधली, असे त्यात कोरले आहे. तिथे प्रार्थनेचा शब्दही नाही. तेव्हा वाचन ही सभास्थानातली एक क्रिया नव्हती, सभास्थान वाचनासाठीच उभे राहिले होते.

मात्र किती वाचायचे आणि कुठवर पोहोचायचे, हे बराच काळ ठरलेले नव्हते. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहात शब्बाथ, सोमवार आणि गुरुवार हे वाचनाचे दिवस सांगितले आहेत. शब्बाथाला किमान सात जणांनी वाचावे आणि प्रत्येकाने किमान तीन वचने वाचावीत, असाही नियम आहे. म्हणजे कमीत कमी २१ वचने झाली. पाच ग्रंथांची वचने ५,८४५ भरतात. किमान मापानेच कोणी चालला तर त्याला पाच वर्षांहून अधिक लागतील. कुठे थांबायचे, पुढचा आरंभ कुठून करायचा, शब्बाथाच्या दुपारी किंवा सोमवारी वाचलेला भाग हिशेबात धरायचा की नाही, यावर रब्बींमध्ये मतभेद होते. ज्या समाजाकडे वार्षिक वेळापत्रक आहे त्याला असा वाद पडत नाही. यावर कोणी तालमूदातली, म्हणजे मिश्नेवरच्या रब्बींच्या चर्चाग्रंथातली, एक परंपरा पुढे करतो: लेवीयमधले शाप शावुओथ या सणाच्या आधी आणि अनुवादातले शाप नववर्षाच्या आधी वाचावेत, असे एज्राने ठरवून दिले. मग वार्षिक चक्र एज्राइतकेच जुने नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की अमुक उतारे अमुक हंगामात वाचावेत अशी भावना जुनी होती. मधले सारे भाग ओळीने एका वर्षात बसवण्याचा पुरावा त्यात नाही. पश्चिमेकडचे लोक, म्हणजे पॅलेस्टाइनचे, तोराह तीन वर्षांत पुरी करतात, असे तोच तालमूद त्याच मगिल्ला प्रकरणात बेधडक सांगतो.

त्या पश्चिमेच्या रीतीकडे जरा सावकाश पाहिले पाहिजे. तिचे भाग सेदर या नावाने ओळखले जात. हस्तलिखितांच्या कडांवरच्या खुणांवरून कुठे १५४, कुठे १६७ सेदर मोजले गेले आहेत, म्हणजे एकच पक्की यादी नव्हतीच. पूर्व आणि पश्चिम इथल्या चालीरीतींतले फरक नोंदवणारा एक जुना हिब्रू संग्रह आहे. पूर्वेचे लोक तोराहच्या समाप्तीचा उत्सव दरवर्षी करतात, पॅलेस्टाइनचे साडेतीन वर्षांनी, असे तो सांगतो, आणि पुढे जोडतो की पॅलेस्टाइनमध्ये एका जिल्ह्यात जे वाचले जाते ते त्याच दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात वाचले जात नाही. साडेतीन वर्षे म्हणजे सात वर्षांत दोन आवर्तने. अनुवादातल्या सात वर्षांच्या आज्ञेशी याचा धागा असावा, हा अभ्यासकांचा तर्क मला पटण्यासारखा वाटतो. आता यात प्रवचनकाराला काय मिळत होते ते नोहाच्या कथेवरून पाहावे. वार्षिक रीतीत उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायापासून अकराव्याच्या शेवटापर्यंतचा मजकूर एकाच शनिवारी उरकतो. तारू, पूर, कावळा आणि कबुतर, इंद्रधनुष्याचा करार, नोहाचा द्राक्षमळा आणि त्याची नशा, बाबेलचा बुरूज, अब्राहामापर्यंतची वंशावळ, सगळे एका सकाळी. पश्चिमेच्या रीतीत याच मजकुराचे पाच-एक शब्बाथ होत. त्यातला एक सेदर सुरू होत असे आठव्या अध्यायाच्या आरंभी, देवाला नोहाची आठवण झाली तिथून. पाण्यात पाच महिने तरंगणाऱ्या माणसाचा देवाला विसर पडला होता का? देवाचे स्मरण म्हणजे नक्की काय? असा एकच प्रश्न घेऊन अख्खे प्रवचन उभे करायला तिथे जागा होती. वार्षिक वाचनात तीच ओळ मध्येच कुठेतरी येऊन निघून जाते.

ही जागा त्या लोकांनी वाया घालवली नाही. लेवीय हा पाचांतला सर्वांत रुक्ष ग्रंथ, बळी, चरबी, कोड आणि विटाळ यांच्या नियमांनी भरलेला. त्यावरचा ‘वायिक्रा रब्बा’ हा ३७ प्रकरणांचा प्रवचनसंग्रह पॅलेस्टाइनमध्येच तयार झाला. त्यात कोडाच्या नियमांवरून चहाडखोरीवर बोलणे निघते, आणि ते ओढूनताणून वाटत नाही. यान्नाई हा बहुधा सहाव्या शतकातला कवी. त्याने सेदरांच्या क्रमाने प्रार्थनाकाव्ये रचली, म्हणजे दर शब्बाथाला त्या दिवसाच्या वाचनाला जोडून नवे काव्य. रीत मागे पडली तशी या काव्यांची गरजही संपली, आणि यान्नाई जवळजवळ विसरला गेला. जुन्या कैरोतल्या बेन एज्रा सिनेगॉगच्या अडगळीतले हिब्रू कागद सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७मध्ये केंब्रिजला नेले. तसल्या चिठोऱ्यांतूनच विसाव्या शतकात यान्नाई पुन्हा वाचकांसमोर आला. एखादी वाचनपद्धती हरते तेव्हा तिच्याबरोबर एक वाङ्मयही बुडते, याचे इतके ठसठशीत उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

बेन एज्रा हे सिनेगॉग पॅलेस्टाइनी परंपरेचे होते, हा योगायोग नाही. फुस्तातमध्ये, म्हणजे जुन्या कैरोत, दोन परंपरांची दोन सिनेगॉगे शेजारशेजार नांदत होती. ११७०च्या आसपास तिथे आलेला तुदेलाचा प्रवासी बन्यामीन याने लिहून ठेवले आहे की बाबिलोनवाले तोराह वर्षात संपवतात, पॅलेस्टाइनवाले प्रत्येक पाराशेचे तीन तुकडे करून तीन वर्षांत. शावुओथ आणि सिम्हात तोराह या दोन दिवशी मात्र दोघे एकत्र जमतात. त्याच शहरात राहणाऱ्या मैमोनिदेस या धर्मपंडिताने आपल्या विधिसंहितेत नोंदवले की वर्षाची रीत सर्वत्र रूढ आहे, तीन वर्षांत पुरी करणारेही काही आहेत, पण ती पसरलेली रीत नव्हे. त्याच्या लिहिण्यात निषेध नाही, धर्मभंगाचा ठपका नाही. कमी लोक करतात एवढाच शेरा आहे. त्याचा मुलगा अब्राहाम इतका सौम्य नव्हता. तेराव्या शतकाच्या आरंभी त्याने पॅलेस्टाइनी चाली मोडून सर्वांना एका वळणावर आणण्याचा घाट घातला. १२११मध्ये त्या सिनेगॉगच्या लोकांनी आपल्या चाली न सोडण्याचा लेखी ठराव केला. तो ठराव टिकला, चाली टिकल्या नाहीत.

इथे सर्वांत सरळ आक्षेप येतो. यात वाचनपद्धतीच्या गुणांचा काय संबंध? बाबिलोनच्या सुरा आणि पुंबेदिथा या विद्यापीठांचे प्रमुख अब्बासी खिलाफतीच्या राजधानीत, बगदादमध्ये, जाऊन बसले होते. स्पेनपासून येमेनपर्यंतचे प्रश्न त्यांच्याकडे येत आणि त्यांच्या तालमूदाचाच निर्णय चाले. पॅलेस्टाइनचे विद्यापीठ मात्र अकराव्या शतकात यरुशलेममधून बाहेर पडले, सूर, दमास्कस, फुस्तात असे भटकत राहिले, आणि १०९९मध्ये क्रुसेडवाल्यांनी यरुशलेम घेतल्यावर त्याला परतायला घरही उरले नाही. ज्याचे राज्य त्याची रीत. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. पॅलेस्टाइनच्या सगळ्याच गोष्टी बाबिलोनने पुसून टाकल्या असत्या तर ते पुरले असते. तसे झालेले नाही. प्रार्थनेत काव्ये गुंफण्याच्या चालीवर बाबिलोनच्या धुरिणांची वक्रदृष्टी होती, तरी ती इटलीतून जर्मनीत गेली आणि तिथे शतकानुशतके फुलली. पॅलेस्टाइनी प्रवचनसंग्रह तर सर्वत्र वाचले गेले, वार्षिक रीतीने वाचणाऱ्यांच्या घरीही. म्हणजे त्या परंपरेतले जे गावापुरते राहून चालण्यासारखे होते ते बाबिलोनच्या सत्तेखालीही तगले. बुडाले ते नेमके वेळापत्रक. वेळापत्रकाचा उपयोग ते सर्वांचे एक असण्यातच असतो. शेजारच्या जिल्ह्याशीही न जुळणारे वेळापत्रक फुस्तातच्या व्यापाऱ्याला काय कामाचे? त्याचा एक भाऊ सिसिलीत, दुसरा एडनमध्ये, आणि माल मलबारहून येणारा.

वार्षिक रीतीची घडणच तारखेभोवती झालेली आहे, हे तिच्या आतल्या हिशेबावरून दिसते. यहुदी पंचांग आपल्यासारखेच चांद्रमासांचे. आपल्याकडे जसा साधारण १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना येतो तसाच त्यांच्याकडेही येतो. त्यामुळे कधी वर्ष ५०-५१ शनिवारांचे, कधी ५४-५५चे. वर सणाचा दिवस शनिवारी आला की त्या आठवड्याची पाराशा बाजूला राहते आणि सणाचे वाचन होते. हे सांधण्यासाठी पाराशांच्या सात जोड्या ठरवलेल्या आहेत. वर्ष आखूड असेल तर त्या जोडून वाचायच्या, लांब असेल तर सुट्या. वल्हांडणाच्या आधी कुठवर पोहोचलेले असावे, शावुओथच्या आधी कोणता भाग यावा, मंदिरनाशाच्या उपासानंतर कोणता, नववर्षाच्या आधी कोणता, याच्या खुंट्या ठोकलेल्या आहेत. आशयाचा तोल इथे दुय्यम ठरतो. नासो ही पाराशा १७६ वचनांची आणि वायेलेख ३० वचनांची. शिकवण्यासाठी धडे पाडणारा शिक्षक अशी वाटणी कधी करणार नाही. पंचांगकर्ता मात्र करील. आणि लोकांनीही या भागांचा उपयोग पंचांगासारखाच केला. पत्राच्या माथ्यावर महिना-तिथीऐवजी अमुक पाराशेचा सोमवार असे लिहिण्याची चाल यहुदी पत्रव्यवहारात आणि रब्बींच्या निर्णयपत्रांत सर्रास दिसते. पत्र प्रागहून साफेदला पोहोचले की वाचणाऱ्याला कोणता आठवडा ते कळे, कारण तो आठवडा त्यानेही त्याच वाचनात घालवलेला असे.

मग शिकवणीचे काय झाले? शंभरेक वचने झपाट्याने वाचून लोकांच्या डोक्यात काय शिरत असेल, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि जुन्यांनाही तो जाणवला असावा. त्यांनी उपाय केला तो असा, की शिकवण वाचनातून काढून आठवड्यात नेली. त्या आठवड्याचा भाग प्रत्येकाने स्वतः दोनदा मुळातून आणि एकदा अरामी भाषांतरातून वाचावा, असे तालमूद सांगतो. आठव्या शतकात शब्हाच्या आहाई याने ‘शेइल्तोथ’ हा नियमांच्या चर्चेचा ग्रंथ पाराशांच्या क्रमाने लावला. अकराव्या शतकात त्रुआच्या राशीने मोजक्या शब्दांत जे भाष्य लिहिले ते पुढे आठवड्याच्या अभ्यासाचा कणा बनले. हिब्रू न येणाऱ्या बायकांसाठी यिद्दीशमध्ये ‘त्सेनेरेने’ आले, त्याची १६२२ची आवृत्ती उपलब्ध आहे. तुर्कस्तानातल्या स्पॅनिशभाषी यहुद्यांसाठी याकोव कुली यांनी १७३०मध्ये ‘मेआम लोएझ’ सुरू केले. पाराशा हीच त्यांची चौकट होती. १९४२पासून सुमारे तीस वर्षे यरुशलेमच्या नेहामा लाइबोवित्स बाई दर आठवड्याच्या पाराशेवर प्रश्नांचा एक कागद काढत. लोक उत्तरे टपालाने पाठवत आणि बाई ती तपासून परत करत. वाचणारे खेड्यातले, छावणीतले, परदेशातले, पण आठवडा सगळ्यांचा एक. पॅलेस्टाइनी रीतीत शिकवण गावच्या प्रवचनकाराच्या तोंडी होती. वार्षिक रीतीत ती पुस्तकात आणि टपालात गेली, आणि तिथे एकाच वेळापत्रकाचा फायदा मोठा होता. भागांच्या कातरकामातूनही नवे अर्थ निघाले. गणनेत फिनहास भाला घेऊन दोघांना ठार करतो ते बालाक या पाराशेच्या शेवटी, आणि देव त्याला शांतीचा करार देतो ते पुढच्या पाराशेच्या आरंभी. मध्ये अख्खा आठवडा. धर्मासाठी शस्त्र उचलणाऱ्याला बक्षीस देण्यापूर्वी थांबून पाहावे, म्हणून ही फट ठेवली, असे अनेक भाष्यकार सांगतात. कातरणाऱ्याच्या मनात ते होते की नाही कोण जाणे. ऐकणाऱ्याला मात्र आठवडाभर ते प्रकरण मनात घोळवावे लागते, हे खरे.

याच्या उलट बाजूचा भक्कम पुरावा आपल्या कोकणातून निघतो. बेने इस्राएल समाज कित्येक पिढ्या तोराहच्या गुंडाळीशिवाय, हिब्रू पुस्तकांशिवाय अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवत राहिला. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. सुंता, अन्नाचे काही नियम आणि शेमा ही प्रार्थना त्यांनी सांभाळली. दारफाळणीचा सण, खिरीचा सण, अनशी ढाकाचा सण असे सणही सांभाळले. यातला एकही सण साप्ताहिक वाचनावर उभा नाही. म्हणजे पाराशेवाचूनही शब्बाथ टिकतो आणि शब्बाथामुळे समाज. मग सामाईक वाचनाचे एवढे माहात्म्य कशाला? मला वाटते कोकणचा दाखला माझ्या म्हणण्याला खोडत नाही, त्याची हद्द आखून देतो. जवळजवळच्या गावांत, एकमेकांत सोयरीक करून राहणाऱ्यांना विश्रांतीचा दिवस आणि सण पुरतात. दूरच्या यहुद्यांशी नाते जोडायचे झाले तेव्हा मात्र वाचन आलेच. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधले, आणि त्यासाठी तोराहच्या प्रती आणायला ते कोचीनला गेले ते तिथेच वारले, असे सांगतात. कोचीनहून, पुढे बगदादहून आणि येमेनहून आलेल्या शिक्षकांनी जे शिकवले त्यात वार्षिक पाराशा होतीच. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच समाजाने मराठी कीर्तनाचा साज घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावली. एक आख्यान, एक रात्र, निरूपणाला हवा तेवढा वेळ. फुस्तातच्या हरलेल्या पक्षाला हे कीर्तन आवडले असते.

हरलेली रीत पुन्हा उभी करण्याचे प्रयत्नही झाले. १८४५मध्ये फ्रँकफर्टला जमलेल्या सुधारक रब्बींनी तीन वर्षांच्या वाचनाच्या बाजूने कौल दिला. १८९३मध्ये आडोल्फ ब्यूशलर यांनी त्या प्राचीन चक्राची मांडणी करणारा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून विद्वानांना त्याचे आकर्षण आहे. या लोकांवर बगदादचे दडपण नव्हते, तालमूदाची सक्तीही त्यांना फारशी जाचत नव्हती. तरी विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेगॉगांनी जी तीन वर्षांची रीत स्वीकारली ती प्राचीन नव्हे. त्यांच्याकडे पाराशा जगाबरोबरचीच असते. पहिल्या वर्षी तिचा पहिला तृतीयांश, दुसऱ्या वर्षी मधला, तिसऱ्या वर्षी शेवटचा. कथा त्यामुळे तुटतात, ओघ बिघडतो, शिकवण्याच्या दृष्टीने ही दोन्ही रीतींपेक्षा वाईट म्हणावी लागेल. पण शेजारच्या सिनेगॉगशी आठवडा जुळतो, आणि तो सोडायला कोणी तयार नाही. सनातन्यांच्या बाजूलाही तेच. १९२३मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत रब्बी मेइर शापिरो यांनी साऱ्या जगाने रोज तालमूदाचे एकच पान वाचावे, अशी योजना मांडली. २,७११ पाने, सुमारे साडेसात वर्षे. तालमूद समजायला दिवसाला एक पान हा वेग विद्वानालाही जड जातो, हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही.

हा एकोपा पुरता निर्दोष मात्र कधीच नव्हता. इस्राएलबाहेर वल्हांडण आठ दिवसांचा आणि इस्राएलात सात दिवसांचा असतो. आठवा दिवस शनिवारी आला की बाहेरचे लोक सणाचे वाचन करतात, इस्राएलवाले पुढच्या पाराशेवर जातात, आणि दोन्हीकडचे आठवडे विस्कटतात. लांब वर्षात तर ते लवकर सांधतही नाहीत. २०१६मध्ये ही तफावत एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत चालली. त्या काळात न्यूयॉर्कहून यरुशलेमला जाणाऱ्याची एक पाराशा बुडते आणि उलट येणाऱ्याला तीच दोनदा ऐकावी लागते. बुडालेली पाराशा भरून कशी काढायची, यावर रब्बींनी निर्णय दिलेले आहेत, आणि असे प्रवासी पुरेसे जमले तर त्यांच्यासाठी एकाच सकाळी दोन्ही भाग वाचण्याची सोय काही ठिकाणी करतात.